तेलाच्या गल्लीतला घसरोबा

वहिनी दुकानातल्या तेलाच्या गल्लीत पडल्या आणि पडल्या पडल्या त्यांनी पहिलं काम काय केलं, तर वर सरकलेला एप्रन खाली ओढला. माणूस जिवानिशी जायची वेळ आली तरी आधी अब्रू झाकतं, त्यातलाच प्रकार. मग उठायला म्हणून उजवा पाय दुमडायला गेल्या, तर गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाठीखाली, केसांत, कोपराला सगळीकडे तेल. हात टेकावा तर हातही पुढे सरकायचा. शेवटी त्या तशाच पडून राहिल्या आणि छताचे दिवे बघत राहिल्या.

लगबग धावत आली. लगबग म्हणजे दुकानात झाडलोट करणारी बाई. चालतानाही पळते, म्हणून तिला हे नाव पडलेलं. एका हातात साबणाच्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात फडकं.

"अगं बाई गं! अगं पाटी लावली होती ना मी! दिसली नाही का तुला?"

"दिसली की," वहिनी कण्हत म्हणाल्या. "मला वाटलं, चिमणी बसलीये."

लगबगच्या तोंडावरचा रंगच उडाला. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. तोवर गल्लीच्या तोंडाशी गिऱ्हाइकं जमली, सुपरवायझर आला, कुणीतरी पाणी आणा म्हणून ओरडलं, आणि दोघींनी तोंडं मिटून घेतली.

आता ही भानगड काय ते सांगायलाच हवं, नाहीतर वहिनी डोळे उघडे ठेवून खड्ड्यात गेल्या असं कुणालाही वाटेल.

दुकान मोठं होतं. किराणा, साबण, कपबश्या, चादरी, सगळं एका छपराखाली. आणि तिथला एक नियम लोखंडासारखा होता: कामावर असताना बसायचं नाही. काउंटरवरच्या मुलींना स्टूल नाही, वजनकाट्यावर उभ्या असणाऱ्या वहिनींना खुर्ची नाही. बसलेला माणूस दिसला की गिऱ्हाइकाला दुकान झोपल्यासारखं वाटतं, असं मुख्य कचेरीतल्या कुणा शहाण्याने लिहून पाठवलं होतं. लिहिताना तो स्वतः मात्र बसलेला असणार, यात शंका नको.

पण पाय काही नियम वाचत नाहीत. ते दुपार झाली की सुजतात. म्हणून कामगारांनी यावर तोड काढली होती. तेलाच्या गल्लीच्या टोकाला एक जाड खांब होता आणि खांबामागची जागा कॅमेऱ्यात येत नसे. तिथे एक रिकामा क्रेट उपडा टाकलेला असायचा. भीती एकच, की एखादं गिऱ्हाईक तेलाची पिशवी शोधत आत यायचं आणि एप्रनवाली बाई पाय पसरून बसलेली त्याला दिसायची. त्यावर उपाय होता पिवळी पाटी. फरशी ओली असली की ठेवतात ती. पाटीवर एक माणूस तंगडी वर करून घसरतोय असं चित्र होतं, आणि दुकानात त्याला सगळे घसरोबा म्हणत. कुणाचे पाय भरून आले की ती म्हणायची, "जरा घसरोबाला जाऊन येते." शेजारचीला बरोबर कळायचं, ती तिचं काम सांभाळायची. ही बाई गल्लीच्या तोंडाशी पाटी उभी करून खांबामागे टेकायची. पाटी पाहून गिऱ्हाईक माघारी वळायचं, सुपरवायझरला वाटायचं सफाई चाललीये. फरशी खरोखर पुसायचं काम लगबग सकाळी दुकान उघडण्याआधीच उरकत असे. त्यामुळे वर्षानुवर्षं होऊन बसलं असं, की जी पाटी गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणायची, तीच कामगारांना सांगायची, ये, कोरडं आहे, आपलं माणूस बसलंय.

त्या दिवशी भर दुपारी तेलाची एक मोठी पिशवी फुटली. लगबगने शिकवल्याप्रमाणे पाटी लावली आणि ती साबणाचं पाणी आणायला गेली. तिकडून वहिनी आल्या, हातात पाण्याची बाटली. काउंटरवरची चिमणी सातव्या महिन्यातली पोर, सकाळपासून तिचं तोंड उतरलेलं. पाटी पाहून वहिनींना वाटलं, बसली वाटतं बिचारी, आणि त्या तिला पाणी द्यायला घरच्यासारख्या आत शिरल्या.

गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते. डॉक्टरांनी तात्पुरतं प्लास्टर घातलं आणि स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशन करून तारेने वाटी बांधावी लागेल आणि तेही लवकर. उशीर झाला तर पाय ओंडक्यासारखा होईल, दिवसभर उभं राहायचं काम विसरायचं. कंपनीचं एका चांगल्या हॉस्पिटलशी ठरलेलं होतं, तिथे ऑपरेशन झालं असतं. पण अट होती. अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेला नसावा. ते ठरवायला चौकशी होणार. चौकशीत नापास झालं तर मग सरकारी दवाखान्याची रांग, आणि तिथे नंबर लागेपर्यंत हाड आपल्या मर्जीने जुळून बसणार.

वहिनींना आपला पाय हवा होता आणि आपला वजनकाटा हवा होता. दुकानातलं काम आवडतं हे बोलून दाखवायची त्यांना लाज वाटायची, कारण नोकरी आवडते म्हटलं की लोक दयेने बघतात. पण आवडायचं. कुठलं गिऱ्हाईक डाळीत बोट घालून बघतं, कुठली बाई काट्यापेक्षा स्वतःच्या हातावर जास्त विश्वास ठेवते, हे त्यांना पाठ होतं. घरात काय, दोन खोल्या आणि नळ दुरुस्तीच्या कामावर दिवसभर बाहेर असणारा नवरा. एका पायाने त्या दोन खोल्यांत उरलेलं आयुष्य काढायला त्या तयार नव्हत्या.

साहेब फळांची पिशवी घेऊन घरी आले. साहेब म्हणजे दुकानाचे मॅनेजर. पण वहिनी नव्याने कामाला लागल्या तेव्हा ते मॅनेजर नव्हते, मांडणीवर डबे लावणारा हाडकुळा पोरगेला माणूस होते. पहिल्याच आठवड्यात वहिनींचे पाय सुजून चप्पल निघेना, तेव्हा यानेच कोपऱ्यातली पाटी बगलेत मारून आणली, गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि म्हणाला, "बसा वहिनी. आता इथे काळं कुत्रं फिरकायचं नाही." वहिनी हे नाव त्याने पाडलं आणि घसरोबा हे नावही त्याचंच. वहिनी त्याला भाऊजी म्हणायच्या. पुढे त्याला टाय आला, काचेची केबिन आली, आणि वहिनींनी कुणी न सांगता साहेब म्हणायला सुरुवात केली. घसरोबाचा विषय साहेबांनी त्यानंतर कधी काढला नाही आणि कधी बंदही केला नाही. त्यांची रोजची फेरी तेवढी तेलाच्या गल्लीकडे वळायची नाही. हा त्यांचा चांगुलपणा आहे, असं वहिनी मानत आल्या होत्या.

"मुख्य कचेरीतून बाई येणारेत चौकशीला," साहेब खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले. "साधे प्रश्न असतात. पाटी होती का नव्हती, एवढंच खरं महत्त्वाचं."

"होती ना."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "वहिनी, विचार करा. होती म्हणालात की त्या विचारणार, मग पुढे का गेलात? लक्ष नव्हतं म्हणालात, तर निष्काळजीपणा. ऑपरेशन गेलं. आणि दुसरं काही सांगायला गेलात…" ते थांबले. "दुसरं सांगण्यासारखं काही नाहीच."

"मग काय सांगू?"

"नव्हती म्हणा. गल्लीचं तोंड कॅमेऱ्यात नीट येत नाही. तुम्ही म्हणाल तेच खरं धरतील."

"आणि लगबग?"

"ती कंत्राटावरची आहे. तिला कुठेतरी लावून देऊ आपण."

करू, बघू, लावून देऊ! असल्या शब्दांवर आजवर कुणाची चूल पेटलेली नाही, हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. साहेब निघताना दारात वळून म्हणाले, "काळजी घ्या," आणि ते खऱ्या काळजीने म्हणाले, हेच तर अवघड होतं.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. "बरोबर बोलला माणूस. नव्हती म्हण आणि मोकळी हो."

"अहो, तिने लावली होती. माझ्या डोळ्यांनी पाहिली मी."

"पाहिलीस ना? मग गेलीस कशाला?" तो चिडला. "आज तू पडून आहेस. तिचा पाय धडधाकट आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं."

तसा माणूस वाईट नव्हता. वहिनी पडल्यापासून तो कामं सोडून घरी थांबला होता, भात करपवत होता, त्यांना धरून न्हाणीत नेत होता आणि नेताना स्वतःच थरथरत होता. घाबरलेला माणूस फार व्यवहारी बोलायला लागतो. वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लगबग आणि चिमणी आल्या. चिमणी पोटाला हात लावत पलंगाच्या कडेला टेकली. लगबग दारातच उभी.

"बस ना गं."

"बसायला नाही आले. साहेब काय शिकवून गेले ते कळलंय मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"भिंतींना कान असतात, आणि त्या भिंती मी पुसते." लगबगचा आवाज चढला. "पाटी नव्हती म्हणणार आहेस तू? या हातांनी लावली मी. या हातांनी!"

"मी अजून काही म्हटलेलं नाही."

"तेच विचारतेय. का नाही म्हटलंस? साहेबांना तिथल्या तिथे का नाही सांगितलंस?"

चिमणी हळूच म्हणाली, "वहिनी, खरं सांगा तुम्ही. पण घसरोबाचं तेवढं नाव काढू नका हो. मला अजून महिनाभर तरी काम करायचंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, मधूनमधून बसत जा. तिथे नाही बसले तर बसू कुठे? घेरी येते मला."

"हो का?" आता वहिनींचा संयम सुटला. "पाटी नव्हती म्हणू नको. पाटी कशासाठी लावतो ते सांगू नको. लक्ष नव्हतं म्हटलं तर पाय जातो. मग म्हणू तरी काय? मला हौस आली होती, म्हणून उडी मारली?"

चिमणीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. लगबग आत आली, खाली बसली, आणि न विचारता वहिनींचा धड पाय मांडीवर घेऊन चेपायला लागली.

"माझंही चुकलंच गं," लगबग म्हणाली. "पाटी लावताना माझ्या मनातच आलं नाही की आपल्यातलं कुणी तीच पाहून आत येईल. मी तुम्हा सगळ्यांना हाक मारायला हवी होती. खरं ओलं आहे गं, म्हणून ओरडायला हवं होतं."

काय सांगणार, ते मात्र वहिनींनी त्या दोघींनाही सांगितलं नाही. सांगणार कुठून? त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

चौकशीच्या दिवशी नवऱ्याने त्यांना दुकानाच्या मागच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि कुबड्या हातात देताना पुन्हा कानाशी पुटपुटला, "नव्हती म्हण." वहिनी कुबड्यांवर झुलत केबिनीत शिरल्या. दाराशी नव्या कोऱ्या पिवळ्या पाट्यांची थप्पी रचलेली होती. अपघाताची बातमी गेल्यावर कचेरीने पहिलं काम हेच केलं होतं, आणखी पाट्या पाठवल्या होत्या. थप्पीशेजारी एक क्रेट उभा होता. एक कोपरा तुटलेला. वहिनींनी तो तत्काळ ओळखला. खांबामागचा होता. सकाळीच साहेबांनी तो तिथून उचलायला लावला होता, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

त्यांना खुर्ची दिली. दुकानात उघड्यावर बसायची त्यांची ही पहिली वेळ, आणि त्यासाठी गुडघा फोडून घ्यावा लागला.

चौकशीच्या बाई मध्यम वयाच्या, बसक्या टाचांचे बूट घातलेल्या, बोलायला कोरड्या पण तुसड्या नव्हत्या. साहेब शेजारी बसले होते. बाईंनी कामाच्या वेळा विचारल्या, पायात काय होतं ते विचारलं, हातात काय होतं ते विचारलं. मग पेन सरळ धरून म्हणाल्या, "तुम्ही गल्लीत शिरलात तेव्हा तोंडाशी पाटी होती का?"

केबिनीच्या काचेतून दुकान दिसत होतं. लगबग चहाच्या मांडणीपाशी उगाच पोछा मारत होती. एकच फरशी ती पुन्हा पुन्हा पुसत होती आणि मान वर करत नव्हती.

"होती," वहिनी म्हणाल्या.

साहेब खाकरले. "वहिनी, घाई नाही. नीट आठवून सांगा."

"होती. तोंडाशीच होती. मला दिसली."

बोलून टाकल्यावर छातीवरचा एक धोंडा उतरला आणि लगेच दुसरा येऊन बसला. बाईंनी लिहून घेतलं आणि वर पाहिलं. "दिसली, तरी पुढे गेलात?"

आता दोन शब्दांचं काम होतं. लक्ष नव्हतं. एवढं म्हटलं की लगबग सुटत होती, चिमणी सुटत होती, साहेब सुटत होते. सगळे सुटत होते, फक्त वहिनींचा पाय अडकत होता. प्लास्टरच्या आत गुडघा ठणकत होता. शब्द अगदी ओठांवर आले होते.

वहिनी गप्प बसलेल्या पाहून साहेबांनी मदतीचा हात पुढे केला. "मॅडम, वहिनी कामाला वाघ आहेत. पण आता वय झालं. अलीकडे जरा विसरायला होतं त्यांना. मागच्या महिन्यातही वजनकाट्यावर…"

"मागच्या महिन्यात काय?" वहिनींनी विचारलं.

"नाही, म्हणजे, होतं असं. माणूस आहे."

बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. ते पेन कागदावर फिरताना पाहून वहिनींच्या मस्तकात तिडीक गेली. पाय जातोय ते जातोय, वर डोकंही गेलं म्हणून शिक्का बसणार!

"मी काही विसरत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात काट्यावर काहीसुद्धा झालं नाही. आणि पाटी दिसली म्हणूनच मी आत गेले. आमच्यात पाटी लावलेली असली की फरशी कोरडी असते."

पेन थांबलं. "म्हणजे?"

मग गाठोडं सुटलं ते सुटलंच. खांब, क्रेट, सुजलेले पाय, घसरोबा, सगळं वहिनींनी सांगून टाकलं. सांगताना त्यांना दिसत होतं की आपण बाळंतपणाला दोन महिने उरलेल्या पोरीखालची बसायची जागा ओढून घेतोय, तरी थांबता येईना.

"कोण कोण बसतं तिथे?"

"ज्यांना पाय आहेत ते सगळे."

"नावं सांगा."

"नावं नाही सांगणार."

"बरं. हे सुरू कुणी केलं, ते तरी?"

वहिनींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघत होते, जणू तो पहिल्यांदाच दिसतोय. पाटी बगलेत मारून आलेला तो हाडकुळा माणूस वहिनींच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवशी त्याने बसवलं नसतं तर त्या आठवड्यातच नोकरी सोडून घरी गेल्या असत्या.

"साहेबांना विचारा," त्या म्हणाल्या.

"मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "अशी कुठलीही पद्धत आमच्या दुकानात नाही. मी कधी ऐकलंसुद्धा नाही. वहिनी दुखण्याने त्रासल्यात, त्यांचा दोष नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं. लगबगला वाचवलं म्हणावं, तर आता बाईंना पाटीची गोष्टच खोटी वाटणार. घसरोबा उघडा पाडला आणि त्यावर कुणी विश्वासही ठेवला नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. वहिनींना रडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी कुबडीची मूठ घट्ट आवळली.

चौकशीच्या बाई थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग उठल्या. "ती जागा बघू या."

"बघा की," साहेब लगेच उठले. "खांब आहे, भिंत आहे. दुसरं काही नाही."

साहेब पुढे, मागे बाई, त्यांच्या मागे कुबड्यांवर वहिनी. दुकानात ऐन दुपारची गर्दी होती. काउंटरवर मुली मान खाली घालून सामान पुढे सरकवत होत्या, आणि चिमणीच्या जागेवर दुसरीच कुणी उभी होती. ते वहिनींच्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ ध्यानात यायला वेळ लागला. चहाच्या मांडणीपाशी लगबगने वर पाहिलं आणि तिचा पोछा जागच्या जागी थांबला. ती वहिनींकडे बघून डोळे मोठे करू लागली, मान हलवू लागली, हाताने मागे मागे म्हणून खुणावू लागली. वहिनींना काही कळेना. साबणाची मांडणी संपली, वळण आलं, आणि समोर तेलाच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळी पाटी उभी होती.

आत चिमणी होती. केबिनीत सगळे बोलण्यात गुंतलेत, तोवर टेकून घ्यावं म्हणून पोर बसली असणार. क्रेट नसला तर तेलाच्या डब्यावर बसली असेल. ओरडून तिला सावध करावं, तर तिथेच सगळं संपलं. गप्प राहावं, तर आणखी दहा पावलांवर संपणार होतं.

साहेब मान मागे वळवून बाईंशी बोलत चालले होते. "हा बघा मॅडम, वर कॅमेरा. या खांबाचा आडोसा होतो म्हणून थोडा भाग दिसत नाही, बाकी…" बोलता बोलता त्यांनी पाटीपाशी खांदा जरासा तिरका केला, घरच्या दाराच्या चौकटीतून माणूस अंधारातही न आपटता जातो तसा, आणि पाटीला वळसा घालून ते आत निघून गेले. बोलणं चालूच.

चौकशीच्या बाई पाटीपाशी थांबल्या. त्यांनी हात आडवा करून वहिनींनाही अडवलं. "थांबा. ओलं असेल. पुन्हा पडाल."

आत साहेबांचं बोलणं तुटलं. काहीतरी घसटल्याचा आवाज आला, एक डबा लवंडला आणि घरंगळत मांडणीला आपटला.

"अगं हळू!" खांबामागून साहेबांचा आवाज आला. "उठू नकोस, उठू नकोस. बस. टेक तिथेच. पाय लांब कर."

हा आवाज वहिनींनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. साहेबांचा नव्हता तो, भाऊजींचा होता. पाटीपलीकडे सगळं शांत झालं, आणि त्या शांततेतून बाहेरच्या दोघींना कळलं की आत आपण काय बोललो ते आता बोलणाऱ्यालाही कळलंय.

साहेब खांबामागून बाहेर आले. चौकशीच्या बाईंनी खाली वाकून पाटीच्या पलीकडे फरशीवर तळवा टेकवला, उचलला आणि पाहिला. तळवा कोरडा होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ही पाटी दिसली नाही?"

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे, आणि मग वहिनींकडे. नाही म्हणायला त्यांना काय लागत होतं? बोलण्याच्या नादात होतो, एवढं म्हटलं तरी भागत होतं. मॅनेजरला कोण निष्काळजी म्हणणार? नाही हा एकच शब्द, आणि वहिनींचा पाय कायमचा गेला असता. साहेबांचा हात टायच्या गाठीपाशी गेला आणि तिथेच राहिला.

"दिसली," ते म्हणाले. "पाटी होती म्हणूनच आत आलो."